बर्फातला ट्रक आणि डिफरन्शियलची निवड

श्रीनगर-लेह रस्त्यावर माल नेणाऱ्या वाहतूकदार बंधूंनी गाडी घेताना इंजिनाची ताकद जशी विचारावी, तसाच मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल कोणता आहे हेही विचारावे. झोजिला घाट ३,५२८ मीटर उंचीवर आहे. तेथे चढावर एक चाक बर्फावर गरगरू लागले की भरलेली गाडी जागीच अडते.

याचे कारण साधे आहे. नेहमीचा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. बर्फावरचे चाक जेवढा जोर पेलते तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहिल्यास हौसिंगमधल्या स्पायडरची पिन तापून जळते. खर्च मालकाच्या माथी.

यावर उपाय तीन. लिमिटेड स्लिपमध्ये क्लच प्लेटा असतात. त्या झिजतात आणि त्यांना ऑइलही वेगळेच लागते. गिअरवर चालणारा प्रकार टिकाऊ. तो पकड असलेल्या चाकाला साधारण अडीच-तीन पट जोर देतो. पण दुसरे चाक अधांतरी असेल तर शून्याची तीन पट शून्यच! लहान पिकअपला हे दोन्ही प्रकार ठीक.

तिसरा म्हणजे लॉक. आपोआप लागणारा लॉक चिखलात उत्तम, मात्र बर्फाच्या वळणावर तो अचानक लागला तर मागचा भाग सरकतो. म्हणून भरलेल्या ट्रकला आमची पसंती ओपन डिफरन्शियल अधिक ड्रायव्हरच्या हातातला लॉक, याला आहे. एअर ब्रेकच्या गाडीत तो हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे स्विच दाबला की काम झाले.

तो वापरण्याची रीत मात्र ड्रायव्हरला नीट शिकवावी. चाक फिरत असताना लॉक कधीही लावू नये, दात तुटतात. गाडी थांबवून लावावा, सरळ आणि अगदी हळू निघावे, अडचण संपताच काढावा. रस्ता दरीकडे कललेला असेल तर लावूच नये. ओपनमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे गाडीला आडवे धरून ठेवते; लॉकमध्ये दोन्ही एकदम घसरतात आणि गाडी उताराच्या बाजूला जाते. हा धोका विक्रेते फारसा सांगत नाहीत.

काही मिस्त्री स्वस्तात स्पायडर वेल्डिंग करून देतात. आमच्या कारागीर बंधूंनी हे काम घेऊ नये. पक्क्या रस्त्यावर टायर घासतात, एक्सल तुटतो, आणि वळणावर गाडी सरळच धावू पाहते.

आणि साखळ्या? लॉक असला तरी त्या हव्यातच. दोन्ही बाजूंच्या चालत्या चाकांना बांधाव्यात; ओपन डिफरन्शियलच्या गाडीत एकाच बाजूला बांधलेली साखळी फुकट जाते.