सहलींतील छायाचित्रें व त्यांचा अभ्यास

एका दिवसाच्या सहलीस निघतांना हल्लीं बहुतेकांबरोबर कॅमेरा असतोच, कारण तो मोबाइलमध्यें बसविलेला असतो. सायंकाळीं घरीं परतेपर्यंत शेंदोनशें चित्रें सहज जमतात. परंतु वर्षभरानें तीं पाहूं लागलें असतां हें देऊळ कोठलें, ही विहीर किती खोल, हा मोर कोणत्या ऋतूंत पाहिला, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर बहुधा मिळत नाहीं. असें होऊं नये म्हणून प्रत्येक चित्रास स्थळ, दिनांक व माप या तीन गोष्टींची जोड द्यावी. छायाचित्र हें एक प्रकारचा साक्षीदार आहे. कोठें, केव्हां व काय पाहिलें हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवील?

या बाबतींत मेजर रॉबर्ट गिल यांचें उदाहरण बोधप्रद आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं त्यांची १८४४ सालीं नेमणूक झाली. अनेक वर्षें खपून त्यांनीं केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. मध्यंतरीं गिल यांनीं कॅमेराहि हातीं घेतला होता. पश्चिम भारतांतील वास्तु व प्राणिसृष्टि यांवरील त्यांच्या शंभर छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या चित्रांस जेम्स फर्ग्युसन यांनीं वर्णनें जोडलीं होतीं. चित्र व वर्णन एकत्र ठेवण्याची ही रीत आपणहि उचलावी.

बीड शहरांतील कंकालेश्वराचें मंदिर पाण्यानें वेढलेलें आहे. तेथें सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन उपयोगी पडतें, कारण त्यांत छाया पडून कोरीव काम उठून दिसतें. भर दुपारीं तेंच सपाट भासतें. प्रथम सर्व मंदिर पाण्यासह घ्यावें, मग त्याची एक बाजू, आणि शेवटीं एकेक मूर्ति. मूर्तीस स्पर्श न करितां तिच्या शेजारीं मोजपट्टी धरावी, म्हणजे तिची उंची चित्रांतच नोंदली जाते.

शहराच्या दक्षिणेस सुमारें सहा किलोमीटरवर असलेली खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, निजामशाहीच्या अमदानींत बांधली गेली. तिचें पाणी कधीं वाढत नाहीं व कधीं घटत नाहीं, अशी लोकांत समजूत आहे. ती कितपत खरी, हें वादविवादानें ठरणार नाहीं. कॅमेऱ्याच्या साहाय्यानें मात्र पडताळून पाहतां येईल. कांठावरील एक जागा कायम ठरवावी, पाण्याजवळचा एक ठळक दगड खुणेसाठीं निवडावा, आणि वैशाख, भाद्रपद व माघ या महिन्यांत त्याच जागेवरून तेंच चित्र घ्यावें. दरवर्षीं नव्या वर्गानें हा क्रम चालविल्यास पाण्याचा खरा इतिहास हातीं येईल. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या जिल्ह्यांत घरोघरीं सांगितली जाते, तेथें अशा नोंदीचें मोल निराळें सांगावयास नको. विहिरीवर जातांना शिक्षक अथवा वडील माणूस बरोबर असलाच पाहिजे.

प्राण्यांचें चित्र घेणें याहून कठीण, कारण तेथें धीर लागतो. पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें मोरांसाठीं अभयारण्य आहे. तें १९९४ सालीं जाहीर झालें. पावसाळा सरतां सरतां मोराचा पिसारा गळतो. अशा मोराचें चित्र दिनांकाशिवाय पाहिल्यास तो आजारी आहे असें वाटेल. दिनांक असल्यास तेंच चित्र ऋतुचक्राचा पुरावा होईल.

प्राणिसंग्रहालयांत कठड्याच्या बाहेरच उभें राहावें. प्राणी गजांपासून दूर, पिंजऱ्याच्या आंतल्या बाजूस गेला असतां त्याच्या डोळ्यांवर कॅमेरा स्थिर करावा, म्हणजे पुढचे गज अंधुक होतात. फ्लॅश बंद ठेवावा. प्राण्यानें मान वळवावी म्हणून ओरडणें, खडे मारणें किंवा खाऊ फेंकणें हें निर्दयपणाचें तर आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास मनाई आहे. मुक्या जीवांचाहि निर्माता परमेश्वरच आहे, हें विसरूं नये. चित्राखालचा मजकूरहि खरा असावा. पांढऱ्या वाघास निराळी जात म्हणूं नये. तोहि वाघच, केवळ आनुवंशिक कारणानें त्याचा रंग बदललेला असतो.

घरीं आल्यावर त्याच रात्रीं नोंदवही भरावी. नमुना असा: "खजाना विहीर, पूर्वेकडील कांठ, दिनांक व वेळ, पाणी खुणेच्या दगडाखालीं दोन हात." पालकांस विनंति कीं, मुलानें किती चित्रें आणलीं हें न विचारतां त्यांपैकीं एकाची हकीकत त्याच्याकडून ऐकावी. दहाच चित्रें नीट नोंदून ठेवलीं, तर पुढें या शाळेंत येणाऱ्या मुलांस तीं उपयोगी पडतील.