हळद उतरायच्या आधी

कॅनडाच्या कायम रहिवासाचा, म्हणजे पीआरचा, कागद आला त्या संध्याकाळी कासार आळीतल्या आमच्या घरी पेढे वाटले गेले. आत्या म्हणाली, "आता पोराचं लग्न उरकून घ्या." साखरपुडा झालेलाच होता. महिन्याभरात लग्न लागलं आणि बाराव्या दिवशी मी विमानात बसलो.

लग्न झाल्याचं कॅनडाला कळवायचं का, हे मी एजंटला विचारलं होतं. "आता कशाला? फाइल अडकेल. तिकडे उतरा, मग वहिनींना बोलवा. लग्नाची नोंदणीही नंतरच करा." मला ते सोयीचं होतं, म्हणून पटलं. टोरांटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, वैवाहिक स्थितीत काही बदल? मी "नाही" म्हणालो.

दीड वर्षाने हिच्यासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. तिथल्या इमिग्रेशन नियमावलीत ११७(९)(डी) हा नियम आहे. तुम्ही तिकडे उतरून कायमचे रहिवासी होता त्या दिवशी जी तुमची बायको आहे, पण जिचं नाव तुम्ही दिलं नाही आणि म्हणून जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे बायको म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. या बंदीला मुदत नाही. संसार खरा आहे हे दाखवूनही ती उठत नाही. २०१९ साली सवलत निघाली, ती निर्वासित आणि स्वतः स्पॉन्सर होऊन आलेल्यांपुरती. माझ्यासारख्या गुणांवर आलेल्यांना ती लागू नव्हती. उशिरा नोंदणीचाही उपयोग नव्हता. महापालिकेच्या दाखल्यावर नोंदणीच्या तारखेबरोबर लग्न लागल्याची तारीखही असते, आणि तीच धरतात.

तोवर आम्हाला मुलगी झाली होती. ती मी उतरल्यानंतर जन्मली, म्हणून तिला हा नियम लागत नव्हता. मांडीवरच्या लेकीला मी बोलावू शकत होतो, तिच्या आईला नाही. हे वाक्य फोनवर हिला सांगताना माझी जी अवस्था झाली, ती कुणाची होऊ नये.

उरला तो कायद्याच्या कलम २५ खालचा, माणुसकीच्या आधारावर करायचा अर्ज. त्यात माझं खोटं मलाच लिहून द्यावं लागलं. माहिती दडवल्याबद्दल माझाच पीआर जाऊन पाच वर्षांची बंदी लागू शकत होती. चार वर्षांनी मायलेकी आल्या, पण तो आमचा हक्क नव्हता. एका अधिकाऱ्याने आमचा विचार केला, एवढंच.

म्हणून सांगतो. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. तिकडे उतरून, मग परत येऊन लग्न केलंत तर ही अडचण येतच नाही. पण आधीच लग्न लागलं असेल तर प्रवास थांबवा आणि लेखी कळवा. बायको मागाहून येणार असली, तरी तिचं नाव आणि वैद्यकीय तपासणी हवीच. गुणांवरच्या एक्सप्रेस एंट्री योजनेत गुण पुन्हा मोजले जातात, कधी त्यात संधीही जाते. तरी लपवू नका. सल्लागाराचं नाव तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा.

परवा अंजूरफाट्याच्या एका मुलाचा फोन आला. लग्न झालंय, तिकीट रविवारचं. पुढे ढकललं तर पैसे बुडतील, म्हणाला. मी म्हटलं, किती ते सांग, मी पाठवतो.