वाटप करणारा कसा असावा?

उपासक-उपासिकांनो,

रविवारची वंदना आटोपली की अमरावती-अकोल्याकडच्या विहारांत हल्ली एक प्रश्न निघतो : "आरक्षणाची विभागणी झाली तर आपल्या पोरांचे काय?" शेजारच्या मातंग वस्तीतला प्रश्न याच्या उलट असतो : "आजवर आमच्या पोरांना काय मिळाले?" आजच्या पाठात हे दोन्ही प्रश्न धम्माच्या उजेडात पाहू.

आधी वस्तुस्थिती. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती असून सर्वांना मिळून १३ टक्के जागा आहेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, सहा विरुद्ध एक मताने, या जागांची पोटविभागणी करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्या सहांत अमरावतीच्या बौद्ध घराण्यातले न्या. भूषण गवई होते. न्यायालयाने अटीही घातल्या : कोण मागे राहिले हे आकडेवारीने दाखवावे, आणि सगळ्या जागा एकाच गटाला देऊ नयेत. त्याच वर्षी आपल्या राज्याने न्या. अनंत बदर यांची समिती नेमली. तेलंगणाने २०२५ साली १५ टक्क्यांचे १, ९ आणि ५ असे तीन भाग केले.

आता धम्म काय सांगतो? भिक्षुसंघात भोजनाचे वाटप करणारा भिक्षू नेमला जाई. त्याला 'भत्तुद्देसक' म्हणत. त्याच्या अंगी पाच गुण हवेत, असे विनयात सांगितले आहे. तो छंद, दोस, मोह आणि भय या चार वाईट वाटांनी जाऊ नये. आणि कोणाला मिळाले, कोणाला मिळाले नाही, हे त्याला ठाऊक असावे.

या पाच कसोट्या आपल्याला लावून पाहू.

छंद : आपला तो न्याय, दुसऱ्याचा तो हट्ट, असे आपण म्हणतो काय?

दोस : मागणी करणाऱ्या मातंग बांधवाला आपण शत्रू मानतो काय?

मोह : 'बौद्धांनीच सारे खाल्ले' हा मोह आहे, वऱ्हाडात दुसऱ्याच्या शेतात राबणारी बौद्ध कुटुंबे आजही आहेत. 'ते शिकतच नाहीत' हाही तसाच मोह आहे. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या आजोबांनी गावकीची कामे सोडली, मुले शाळेत घातली. ती वाट ज्यांच्यापर्यंत उशिरा पोचली, त्यांना दोष कसा द्यावा?

भय : वाटा कमी होईल ही भीती खरी आहे. पण न भरलेल्या राखीव जागांनी सर्वांचेच नुकसान होते. तिथे दोन्ही वस्त्यांनी मिळून आवाज उठवला पाहिजे.

पाचवा गुण मोजणीचा, आणि न्यायालयाची अटही तीच आहे. मोजणी खरी व्हावी, जात आणि गरिबी दोन्ही पाहून व्हावी, अशी मागणी बौद्धांनीच पुढे होऊन करावी. १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्याला १९९० पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, थांबावे लागले. वंचित राहणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या पंधरवड्याचा अभ्यास : आपल्या गावातील बौद्ध, मातंग, चांभार व मेहतर घरांची यादी करा. कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला अडला आहे, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला आहे, ते लिहा. ज्याचे सर्वांत जास्त अडले असेल, त्याच्याबरोबर आधी तहसील कचेरीत जा. मग तो कोणत्याही वस्तीतला असो.

जय भीम!