आठवीत गेली म्हणून गाणे थांबवू नका

मूल आठवीत गेले की कर्नाटकातल्या भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या मराठी घरांत पहिली कात्री लागते ती गाण्याच्या क्लासला. ‘एसएसएलसी होईपर्यंत पेटी माळ्यावर ठेव,’ असे सांगितले जाते, आणि एकदा माळ्यावर गेलेली पेटी सहसा खाली येत नाही. आईवडील हा निर्णय काळजीपोटीच घेतात. तरीही तो चुकीचा आहे, असे मी ठामपणे म्हणेन. रियाजाची सवय मोडली की ती पुन्हा लावणे फार जड जाते, आणि रोजचा पाऊण तास गाण्याला दिल्याने कुणाचे गणित बुडत नाही. संगीतातच करिअर करायचे की नाही, हे मात्र आठवीत ठरवण्याची गरज नाही. आठवी ते दहावीच्या तीन वर्षांत पुढचा रस्ता बंद होऊ द्यायचा नाही, एवढेच पाहायचे.

आधी गुणांचा प्रश्न. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक मंडळाची दहावी, ६२५ गुणांची. प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. हिंदुस्थानी संगीत हे नाव परीक्षेच्या वेळापत्रकात दिसते, पण तो विषय मुख्यतः सवलत असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी पर्याय म्हणून असतो. बाकीच्यांना संगीत शाळेबाहेरच शिकावे लागते. उदगीर-देगलूरकडचे पाहुणे सांगतात, ‘आमच्याकडे गाण्याच्या परीक्षांचे जादा गुण दहावीत मिळतात.’ ते खरे आहे, पण तो नियम महाराष्ट्र मंडळाचा. एसएसएलसीला बसणाऱ्या मुलाने त्यावर हिशेब मांडू नये. सीबीएसईत हिंदुस्थानी गायन (०३४), स्वरवाद्य (०३५) आणि तालवाद्य (०३६) असे स्वतंत्र विषय आहेत. मात्र अभ्यासक्रमात विषय असला तरी शाळेत शिक्षक असतोच असे नाही. प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांना तसे स्पष्ट विचारा.

म्हणून खरा आधार आहे तो शाळेबाहेरच्या परीक्षांचा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यपरिवाराने १९३१ मध्ये उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठी मुलखात सगळ्यांना ठाऊक आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारदची दोन वर्षे. पाचवी-सहावीत सुरुवात केलेले मूल दहावीपर्यंत मध्यमाच्या आसपास पोहोचते. कर्नाटकात ज्युनियर, सीनियर आणि पुढे विद्वत् अशी राज्याची वेगळी परीक्षापद्धती आहे, तीही तितकीच मानाची. दोन्ही एकाच वेळी करू नका. तुमचे गुरुजी जी मन लावून शिकवतात, ती निवडा. दहावीच्या वर्षी परीक्षा दिली नाही तरी चालेल. त्या वर्षी आधीचे राग घोटा, नवे घेऊ नका.

मुलग्यांच्या पालकांनी एक गोष्ट आवर्जून समजून घ्यावी. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो. काल काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा आज षड्जावरच अडखळतो, लाजतो आणि गाणे सोडतो. कित्येक चांगले गळे या एका कारणाने गप्प झाले आहेत. अशा वेळी जुन्या पट्टीचा हट्ट धरायचा नाही. पट्टी उतरवून घ्यावी, वरच्या सप्तकात ताणू नये आणि ते वर्ष हार्मोनियम, तबला, रागांची ओळख, स्वरलिपी यांना द्यावे. आवाज स्थिरावल्यावर त्याच मुलाला तयार लयीचा फायदा मिळतो.

आपल्या भागातल्या मुलाकडे एक मोठी शिदोरी आहे आणि तिची जाणीव घरातच कमी असते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंची (१८१७-१८६५) परंपरा आहे. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. गाणगापूरच्या वाटेवर मराठी भजन, गावातल्या मठात वचनगायन आणि उरुसात कव्वाली, हे सगळे एकाच मुलाच्या कानावर पडते. गदगचे भीमसेन जोशी मराठी अभंग गायले आणि कन्नड दासपदेही गायले. दोन्हीकडचे श्रोते त्यांना आपलेच मानतात. तेव्हा मुलाचे कन्नड केवळ पास होण्यापुरते ठेवू नका. वचन आणि दासपद शुद्ध उच्चारात म्हणता येणाऱ्या मराठी मुलाला कार्यक्रम, आकाशवाणी, शिकवणी या सगळ्यांसाठी दोन राज्ये मोकळी होतात.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. केवळ मैफलींवर घर चालवणारे कलाकार थोडे असतात, हे मुलापासून लपवू नये. संगीतावर जगणारी बहुतेक माणसे शिकवतात, साथ करतात, ध्वनिमुद्रणात काम करतात. पंडित वेंकटेश कुमार हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवयांकडे ते शिकले, धारवाडच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. नोकरी आणि गाणे त्यांच्याकडे एकत्र नांदले. नवोदय विद्यालयात संगीत शिक्षकाचे पद असते आणि केंद्रीय विद्यालयांतही प्राथमिक विभागाला संगीत शिक्षक असतात. अशा जागांसाठी ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात. विशारद सगळीकडे विद्यापीठाच्या पदवीबरोबर धरली जात नाही, म्हणून तिच्या जोडीला पदवी हवीच.

दहावीनंतर पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) कला शाखेत हिंदुस्थानी संगीत हा विषय घेता येतो, पण तो शिकवणारी महाविद्यालये मोजकी आहेत. पदवीसाठी मैसूरचे गंगूबाई हनगल संगीत विद्यापीठ, धारवाडचे संगीत महाविद्यालय, पुण्याचे ललित कला केंद्र हे पर्याय आहेत. आळंद तालुक्यातल्या कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठात संगीत व ललित कला विभाग आहे. घराजवळ असल्याने तिथे आधी चौकशी करा. ध्वनिमुद्रणाची आवड असलेल्याने विज्ञान सोडू नये. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ध्वनी अभ्यासक्रमाला पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र अशी अट राहिली आहे.

दोन कामे मात्र वयाला बांधलेली आहेत. केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला ३,६०० रुपये मिळतात, शिवाय गुरूच्या फीची ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई होते. रक्कम लहान वाटेल, पण निवड झालेल्या मुलाकडे गुरुजी आणि शाळा दोन्ही गांभीर्याने पाहू लागतात. आठवीच्या अखेरीस ही संधी बहुतेकांच्या हातून जाते. दुसरे, शाळेची प्रतिभा कारंजी आणि नववीपासूनचा कला उत्सव या स्पर्धा. बक्षीस मिळो न मिळो, प्रमाणपत्रांची फाईल आतापासून नीट ठेवा.

शेवटी प्रवेशाच्या तयारीचे. आपले जिल्हे संविधानाच्या कलम ३७१ (जे) खाली येतात. या कलमामुळे कल्याण कर्नाटकातल्या मुलांना राज्याच्या शिक्षणसंस्थांत आणि नोकऱ्यांत स्थानिक आरक्षण मिळते, आणि पात्र मराठी भाषक कुटुंबांनाही ते लागू आहे. त्याचे पात्रता प्रमाणपत्र प्रवेशाच्या धावपळीत काढायला जाऊ नका. दहावीचा निकाल लागण्याआधीच तालुका कचेरीत अर्ज द्या, आणि तोवर संध्याकाळचा पाऊण तास मुलाच्या रियाजासाठी राखून ठेवा.