आधी झाडू खाली ठेव

अगं, आधी तो झाडू खाली ठेव. वारा थांबला की बाईचा हात पहिल्यांदा अंगण आवरायलाच जातो. फुटकी कौलं एका कडेला, वाकलेले पत्रे दुसरीकडे, मोडलेली फांदी चुलीपाशी. दुपारपर्यंत घर जरा बघण्यासारखं होतं, आणि तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं. म्हणून सांगते, पोरं-जनावरं आडोशाला गेली की आधी मोबाईल हातात घे. तुटून पडलेली तार दिसली तर ती चालूच आहे असं समज, कुणाला तिच्याजवळ फिरकू देऊ नकोस. मग आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत फोटो काढ. एक फोटो लांबून, घर कुणाचं ते कळेल असा, आणि एक जवळून. भिजलेल्या भाताच्या पोत्यांचा काढ, पेंढ्याचा काढ, कांद्याची बराख कोसळली असेल तर तिचाही. त्यानंतर खुशाल आवर.

तुझं लग्न नंतरचं, म्हणून तुला 2020 चं ठाऊक नाही. 3 जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. समुद्रावरचं वादळ घाट चढून आपल्याकडे येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वादळ म्हणजे कोकणाचं दुखणं, असंच आपण धरून चाललेलो. पण जुन्नर-आंबेगावची पश्चिम बाजू घाटाच्या कड्यावरच बसली आहे, खाली उतरलं की कोकणच. त्यात कोरोनाची टाळेबंदी. शहरात कामाला गेलेली पोरं रिकाम्या हातानं गावी परतलेली, घराघरात माणसं वाढलेली, आणि डोक्यावरचं छप्परच गेलं. विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले. कोण सुखरूप आहे हेही पटकन कळेना. बागायती पट्ट्यात पॉलिहाऊसचे सांगाडे पिळवटून गेले, आणि वर आपल्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं मुळासकट उलथली.

त्या हिरड्याबद्दल तुझ्याशी नीट बोलायचं आहे. छपराचं नुकसान सगळ्यांना दिसतं. पत्रे किती गेले, वासे किती मोडले, हे पुरुषमाणसं बोटावर मोजतात. हिरडा मात्र आपल्या बायकांच्या हातचा. आठी धरायच्या आधी, कोवळा असतानाच बाळहिरडा उतरवायचा, उन्हाच्या तलखीत वेचायचा, अंगणात वाळवायचा, पावसाची भुरभुर आली की धावत जाऊन झाकायचा. मग किलोवर विकायचा. त्या पैशातून भाताचं खत येतं, पोरांच्या वह्या येतात, आणि कुणापुढे हात न पसरता तुला एखादं लुगडं घेता येतं. असं झाड पडलं की एका हंगामाचं नुकसान होऊन भागत नाही. नवं रोप लावलं तरी ते धड फळाला येईपर्यंत तुझी धाकटी कॉलेजात जाईल.

आणि नेमकं हेच नुकसान कागदावर चढायला सगळ्यात अवघड गेलं. निसर्गनंतर शासनानं फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पण हिरडा कुठल्या रकान्यात बसवायचा? तो कुणी ओळीत लावलेली बाग नाही, बांधावर आणि वरकसात आपसूक वाढलेलं झाड. घरांचे पैसे आले, बागांचे आले, हिरड्याचे पंचनामे मात्र कागदावरच राहिले. किसान सभेच्या लोकांनी तो विषय सोडला नाही. मोर्चे झाले, उपोषणं झाली, त्यात आपल्या बायाही उन्हातान्हात बसल्या. त्यात वर्षं गेली, आणि शेवटी सरकारला हिरड्याच्या भरपाईचा वेगळा निर्णय घ्यावा लागला. इतकी वर्षं गेली याची चीड मला आजही येते. पण ज्यांची झाडं पंचनाम्यात मोजलेली होती त्यांच्या हातात भांडायला निदान कागद तरी होता.

म्हणून तुझी झाडं तूच मोज. मालकांवर सोडू नकोस, आत्यांना घेऊन जा. कुठल्या बांधावर कुठलं झाड आणि ते किती देतं, हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नाही. वहीत लिहून काढ: गट नंबर, झाड कुठलं, मुळासकट गेलं की फांद्या मोडल्या, वर्षाला वाळलेला माल साधारण किती निघायचा. विक्रीची पावती असेल तर ती वहीत चिकटव. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा चहा करायला आत जाऊन बसू नकोस. चहा दुसरं कुणी करील, तू वही घेऊन त्यांच्याबरोबर रानात चल. लिहिलेलं वाचून दाखवायला सांग आणि मगच घरच्यांना सही करू दे.

आडव्या झाडाला लगेच कुऱ्हाड लावू देऊ नकोस. लहान झाड असेल आणि अर्धी मुळं अजून मातीत असतील, तर वरचा भार छाटून, चौघांनी मिळून सरळ करून, टेकू देऊन, मुळांवर माती ओढून बघा. समोर पावसाळा आहे, एखादं तगेल. लाकडाचा व्यापारी मात्र दोन दिवसांत दारात उभा राहील. अडलेली माणसं बघून भाव पाडायचा हा त्यांचा हंगाम. आणि हिरडा आपल्या मालकीच्या रानातला असला तरी वृक्षतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय त्याचं लाकूड गाडीत भरू देऊ नका, नाहीतर नुकसान तुमचं आणि वर दंडही तुम्हालाच.

घराच्या वरच्या अंगाला एकदा चक्कर मार, हे विसरू नकोस. झाडं उपटली गेली की तिथली माती उघडी पडते आणि खड्ड्यांतून पाणी डोंगरात मुरतं. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला ते आंबेगावात कुणाला सांगायला नको, 151 माणसं गेली. जमिनीला भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, खांब कलला, तर सरपंचांना आणि तहसील कार्यालयाला कळव. पाऊस लागून राहिला तर कुणी भित्री म्हणालं तरी पोरांना घेऊन शाळेत झोपायला जा.

आता तुझं. रात्री वाऱ्यानं पत्रा वाजला की छातीत धडधडतं म्हणालीस. माझंही व्हायचं, निसर्गनंतर कितीतरी दिवस. पोरगी तुला सोडत नाही, तर तिला रागावू नकोस, कुशीत घेऊन झोप. मालक बोलत नाहीत, नुसते बांधावर जाऊन बसतात, हे मला जास्त खटकतं. सोसायटीचं कर्ज किती आहे ते त्यांना सरळ विचार. तो आकडा एकट्याच्या डोक्यात राहिला की माणसाला पोखरतो. दोघांनी मिळून कागदावर मांडा. जेवत नसतील, झोपत नसतील, वेडंवाकडं काही बोलले, तर लाजू नकोस, त्यांच्या भावाला बोलावून घे आणि घोडेगावला दवाखान्यात दाखवा. तू स्वतःही जेव. सगळ्यांना वाढून राहिलेलं खायची ही वेळ नाही, आवणीला तुला उभं राहायचंय.

घोडेगावला तहसीलमध्ये अर्ज द्यायला एकटी जाऊ नकोस. वाडीतल्या ज्या बायकांची झाडं गेली त्या सगळ्यांना गोळा कर, अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घे. तसाच एक अर्ज तिथल्याच आदिवासी प्रकल्प कार्यालयात दे. पासबुक, आधार, सात-बारा पिशवीत घालून ठेव. जायचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी मला फोन कर, मी परस्पर स्टँडवर येते.