सेन्सेक्सचा आकडा कसा वाचावा?

संध्याकाळच्या बातम्यांत सेन्सेक्सचा आकडा सांगितला जातो. "आज सेन्सेक्स ४०० अंकांनी वधारला" हे ऐकून अनेक लहान व्यापारी व कारागीर समजतात की सगळीकडे तेजी आहे. मग आपणच मागे का राहावे, या विचाराने दुकानातले खेळते भांडवल शेअर बाजाराकडे वळते. भांडवल हलवण्यापूर्वी हा आकडा तयार कसा होतो आणि तो काय सांगत नाही, हे आपण समजून घेऊ.

आकडा येतो कोठून?

मुंबई शेअर बाजाराची स्थापना १८७५ ची. या बाजाराने १ जानेवारी १९८६ पासून ३० आघाडीच्या कंपन्यांचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तोच सेन्सेक्स. १९७८-७९ हे त्याचे आधारवर्ष असून त्या वर्षाची पातळी १०० मानली आहे. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,००० चा टप्पा ओलांडला. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी १९९६ साली सुरू झाला. त्यात ५० कंपन्या असून त्याचा आधार १,००० आहे. म्हणून दोघांचे आकडे वेगळे दिसतात, चाल मात्र बहुधा सारखीच असते.

सर्व कंपन्यांचे वजन सारखे नसते

प्रवर्तकांच्या हातातले शेअर वगळून जे शेअर बाजारात प्रत्यक्ष खरेदी-विक्रीला मोकळे असतात, त्यांच्या एकूण किमतीवरून कंपनीचे वजन ठरते. सेन्सेक्सला ही पद्धत सप्टेंबर २००३ पासून लागू आहे.

एक सोपा हिशेब करून पाहू. समजा निर्देशांकात तीनच कंपन्या आहेत. पहिलीचे मोल ६०० रुपये, दुसरीचे ३००, तिसरीचे १००. बेरीज १,०००, आणि निर्देशांक १००. आज पहिली ५ टक्के वाढली, म्हणजे ६३० झाली. दुसरी ५ टक्के घसरून २८५ वर आली. तिसरी १० टक्के घसरून ९० वर आली. बेरीज १,००५ आणि निर्देशांक १००.५. तिघींपैकी दोघी पडल्या, तरी बातमी येणार की बाजार वधारला!

अंक पाहू नका, टक्का पाहा

२८ एप्रिल १९९२ रोजी, शेअर घोटाळा उघडकीस आल्यानंतर, सेन्सेक्स सुमारे ५७० अंकांनी कोसळला. ती घसरण जवळजवळ पावणेतेरा टक्क्यांची होती. २३ मार्च २०२० रोजी, करोनाच्या काळात, तो ३,९३४ अंकांनी पडला, म्हणजे सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, तो तब्बल ४,३८९ अंकांनी खाली आला. परंतु ही घसरण पावणेसहा टक्क्यांचीच होती. अंकांच्या हिशेबाने तिघांत हीच सर्वांत मोठी, टक्क्यांच्या हिशेबाने सर्वांत लहान. नफा असो वा तोटा, आपल्या खिशाला टक्काच लागतो.

यादी बदलते, आपल्या हातातला शेअर बदलत नाही

सुरुवातीच्या ३० कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाईल्स, हिंदुस्थान मोटर्स, बॉम्बे डाईंग ही नावे होती. बँक एकही नव्हती. आज ती नावे यादीत नाहीत आणि सर्वाधिक वजन बँका व वित्तीय कंपन्यांचे आहे. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. लगेच ती कंपनी सेन्सेक्समधून काढून तिच्या जागी सन फार्मा घेण्यात आली. निर्देशांकाने आजारी कंपनी अशी झटकून टाकली. ज्याच्या हातात सत्यमचे शेअर होते, त्याच्याजवळ मात्र तेच राहिले. म्हणून "सेन्सेक्स इतक्या वर्षांत इतके पट झाला" हे खरे असले, तरी कोणताही एक शेअर तितके पट होईल असे नव्हे.

थांबण्याची तयारी किती?

एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या खाली होता. अकरा वर्षे लोटली, तरी देशातल्या निवडक कंपन्यांचा निर्देशांक एक तृतीयांशाने खालीच! त्यानंतर तो पुष्कळ चढला हे खरे. पण ज्याला सणासुदीचा माल भरायचा आहे, सुताचे पैसे चुकवायचे आहेत, कारागिरांची मजुरी द्यायची आहे, तो अकरा वर्षे थांबू शकेल काय?

आपल्या धंद्याशी संबंध

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांची मंदी या आकड्यात नोंदली जात नाही. सेन्सेक्स चढताना माग बंद असू शकतात आणि तो पडताना दुकानात गर्दी असू शकते. आपल्या धंद्याची नाडी आपल्या रोजमेळातच सापडते.

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निर्देशांकात पैसे गुंतवणे म्हणजे बँकांचाही हिस्सा घेणे होय. व्याजावर चालणाऱ्या बँका, मद्य, जुगार यांसारखे व्यवसाय वगळून केलेले शरीअत निर्देशांक वेगळे आहेत. मुंबई शेअर बाजारात असा निर्देशांक २०१० साली सुरू झाला.

आणि निर्देशांक उद्या चढेल की पडेल यावर पैसे लावणे ही गुंतवणूकच नव्हे. फ्युचर्स-ऑप्शन्सचा व्यवहार करणाऱ्या १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात तोटा झाला, असे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच: धंद्याचे भांडवल धंद्यातच ठेवा. वर्षानुवर्षे लागणार नाही अशी बचत असेल, तरच शेअर बाजाराचा विचार करा, आणि तोही कंपनीचा ताळेबंद तपासून, संध्याकाळच्या आकड्यावरून नव्हे.