पाट्यांचं पाणी

परवा एका तरुण आईनं विचारलं, "यांची नोकरी गेली. लेक सायकल मागतेय. देव वेळेवर देतो असं तिला सांगितलं आणि मिळालीच नाही, तर?" तिच्या या 'तर'पाशी मी बराच वेळ थांबलो.

1972 साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव बीडकडचं. मृग कोरडा गेला, आर्द्राही. प्यायला पाणी कसंबसं होतं, पण कणगीत दाणा नव्हता. रेशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापता थापता तुटायची. माय आणि बापू दुष्काळी कामावर जायचे. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा बांध घातला जात होता. बापू खोदायचे, माय मातीच्या पाट्या वाहायची. कामावर सुकडी वाटायचे. माय आपल्या वाट्याची पदरात बांधून आमच्यासाठी आणायची.

एका रात्री मी रडत विचारलं, "विठोबा कुठं गेलाय?" बापू माळकरी, पण रागावले नाहीत. म्हणाले, "मलाबी दिसंना. पर आज चूल पेटली का न्हाई? आजचं त्यानं धाडलं. उद्याचं उद्या मागू." मग हरिपाठाला बसले. आवाज कापत होता. तो कापरा आवाज मला आजही आधार देतो.

म्हणून आईबाबांनो, सगळं ठीक असल्याचं सोंग मुलांपुढं करू नका. त्यांना घरातली कुजबुज कळते. "यंदा सायकल नाही" हे सरळ सांगा. देवाच्या नावानं तारीख मात्र देऊ नका. "शहाण्यासारखी वाग, मग देव देईल" असा सौदाही नको, नाहीतर सायकल आली नाही की लेकरू स्वतःलाच दोष देत बसतं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावाल तेव्हा आज काय आलं ते लेकीसोबत आठवा. मामानं पोचवलेले तांदूळ, वाण्यानं न मागितलेली उधारी, बाबांना आलेला मुलाखतीचा फोन. आणि बाबांना मिळेल ते काम धरावं लागलं, तर तेही तिच्यापासून लपवू नका. बापूंच्या लेखी रोजची मजुरी हाच विठोबाचा प्रसाद होता. भरवसा ठेवणारी माणसं हात बांधून बसलेली मी पाहिली नाहीत.

आमच्या घरी त्या वर्षी चमत्कार झाला नाही. बैलजोडी विकावी लागली. गोठा रिकामा झाला त्या दिवशी माय जेवली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला. आमची विहीर बांधाच्या खालच्या अंगाला. एरवी होळीच्या सुमाराला तिचा तळ दिसायचा. त्या होळीला बापूंनी मला काठावर नेलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्या मायच्या पाट्यांचं पाणी."